साडभाऊंची बिनआवाजाची मोटर

आमच्या साडभाऊंनी पेट्रोलचं इंजिन विकून बॅटरीवर चालणारी मोटर घ्यायची गोष्ट काढली, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. या माणसानं घरातला पंखासुद्धा दुरुस्त करून करून म्हातारा केला. तो स्वतःहून नवी वस्तू घ्यायची म्हणत होता, आणि तेही आमच्या प्रतापनगरच्या घरी येऊन, चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता. मी कपबशी खाली ठेवली.

"काहून?" मी विचारलं.

"तिले आवाज नाही राहत," ते म्हणाले. "एकदम गुपचूप चालते."

गुपचूप हा शब्द मला आणखीनच खटकला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहायला कामठीला. मूळचे शेतीवाल्या घरचे, नोकरी छावणीतल्या एका कचेरीत हिशेबनिसाची. मी त्यांना भाऊ म्हणतो आणि अहोजाहो करतो, कारण सासुरवाडीत ते थोरले जावई आणि मी धाकटा. आमच्या सासूबाई फार न्यायी बाई होत्या. अधिक महिन्यात आम्हा दोघांना शेजारीशेजारी पाटावर बसवून वाण देत. इतवारीतल्या एकाच दुकानातून आणलेली तांब्याची ताटं, तसलेच दिवे, त्यावर सारखेच अनारसे. तरीही मी नमस्काराला वाकता वाकता भाऊंच्या ताटात डोकावायचो, आणि ते माझ्या ताटात. त्यांचे अनारसे जास्त जाळीदार पडलेत असं मला दर वेळी वाटायचं. संशय हा आमच्या नात्याला असा पाटावरच चिकटलेला आहे, आणि तरीही माणसात माणूस म्हणून मला जवळचं असं जे कोणी उरलं आहे ते हेच.

दोघंही निवृत्त झालो तेव्हा आम्ही मिळून एक रबरी बोट घेतली. करड्या रंगाची, पायपंपानं हवा भरायची, काम झालं की घडी घालून माझ्या गाडीच्या डिकीत टाकायची. रामटेककडच्या एका तलावावर मच्छीमारांशी ओळख काढली, त्यांची परवानगी मिळवली, आणि रविवारी गळ टाकायला जाऊ लागलो. बोट दोघांची, पण इंजिन माझं एकट्याचं. बोटिंगचा धंदा गुंडाळणाऱ्या एका माणसाकडून मी ते जुनं घेतलं होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, चोक ओढायचा, दोरीला हिसका द्यायचा. नाही झालं सुरू, तर आपली जुनी स्कूटर आडवी करायचो तसं त्याला एका अंगावर कलवायचं आणि पुन्हा दोरी ओढायची. त्याचा फायदा काय होतो ते मला ठाऊक नाही, पण ते सुरू व्हायचं. मग धडधड सुरू झाली की छाती भरून यायची.

इंजिन माझं, म्हणून हँडल माझ्या हातात. मी मागे बसायचो, भाऊ पुढे, माझ्याकडे तोंड करून. इंजिनच्या आवाजात बोलणं शक्यच नसायचं. ते काहीतरी म्हणायचे, मी मान डोलावायचो आणि हसायचो. तेही हसायचे. असे कितीतरी रविवार गेले आणि मला त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एक रविवार आला. त्या दिवशी भाऊ बराच वेळ बोलत होते. कानटोपी मागे सारून, हातवारे करत, मधेच थांबून माझ्याकडे बघत. इंजिन धडधडत होतं. मी सवयीप्रमाणे मान डोलावली आणि हसलो. ते गप्प झाले. नंतर किनाऱ्यापर्यंत ते पाण्याकडेच बघत होते. त्या दिवसापासून माणूस बदलला. एका रविवारी गुडघा दुखतो म्हणाले, एका रविवारी पाहुणे आले, आणि मी एकटाच बोट घेऊन जायचो. फोन केला तर मेहुणीच उचलायची. काय बिनसलं ते मी बायकोला विचारलं.

"तुम्हीच विचारा ना त्यांले," ती म्हणाली. "मी काहून मधात पडू?"

आणि अशा वेळी, इतके दिवस तोंड फिरवून बसलेला माणूस एकदम घरी येतो आणि माझं इंजिन विकायची भाषा करतो.

भाऊंकडे मुद्दे तयार होते. पेट्रोलचा धूर तोंडावर येतो. पाण्यावर तेलाचा तवंग येतो, मच्छीमार नाक मुरडतात. पंपावर डब्यात पेट्रोल देत नाहीत, दर वेळी हातापाया पडावं लागतं. दोरी ओढून ओढून माझा खांदा जाईल. आणि मासे आवाजानं पळतात.

मीही काही गप्प बसणारा नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मी अभ्यास केला होता. म्हटलं, बॅटरी मधेच बसली तर काय करायचं? पेट्रोल संपलं तर डब्यातून ओतता येतं, बॅटरी काय चमच्यानं भरायची? वारा समोरून आला की असली रबरी बोट पत्रावळीसारखी भरकटते, तिथे इंजिनचा जोरच लागतो. आणि त्या मोटरला लागणारी ई-रिक्षाची धोंड्यासारखी बॅटरी रबराच्या बुडावर ठेवायची म्हणजे बोट बुडवायचाच कारभार.

"वल्हे आहेत ना गा," भाऊ म्हणाले. "अन् हळू गेलं तर काय बिघडते? आपल्याले कुठं गाडी पकडाची आहे? चार गोष्टी बोलता येतील. पक्ष्यांचा आवाज ऐकू येईल."

"पक्षी राहिले कुठं तिथं?" मी म्हटलं. "टिटवीसुद्धा ओरडत नाही आता त्या तलावावर. पहिले डोकं उठवायच्या."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे. त्या दोघांची ती नजरानजर मी बरोबर टिपली.

त्यानंतर मी घरात लक्ष ठेवू लागलो. लक्ष ठेवण्यासारखं पुष्कळ होतं. बायको बहिणीशी फोनवर बोलताना मी खोलीत गेलो की तिचा आवाज खाली यायचा, अगदी ओठ हलताना दिसायचे. जेवताना ती ताटाकडे बघून पुटपुटायची आणि मी काय म्हणून विचारलं की "काही नाही" म्हणायची. टीव्हीवरचे बातम्या देणारेही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, म्हणून मी आवाज वाढवायचो, तर ती येऊन कमी करायची. मी म्हणायचो, त्या इंजिनच्या आवाजानं रविवारी कानांना जरा दडे बसतात, सोमवार-मंगळवारपर्यंत कान मोकळे होतात. ती म्हणायची, "आज शुक्रवार आहे."

मला वाटत होतं ते सरळ सांगतो. कोण्या दुकानदारानं भाऊंना शेंडी लावली असेल, हा माझा पहिला संशय. तो फार टिकला नाही, कारण भाऊंना शेंडी लावणारा अजून जन्मायचा आहे. दुसरा संशय जास्त खोल होता. इंजिन गेलं की हँडल गेलं. मोटर त्यांची म्हणजे मागची जागा त्यांची. मग हळूहळू मी नसलो तरी बोट चालते, मग मला न सांगताही चालते. बिनआवाजाची मोटर असल्यावर कोण कधी गेलं आणि आलं ते कोणाला कळणार? भाऊंना मी नको झालो आहे आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून हा घाट घातला आहे, असं मला पक्कं वाटू लागलं. बोटीचं मला फारसं काही नव्हतं. रविवार जाईल आणि भाऊ जातील, या विचारानं मला झोप येईना.

एके दिवशी बायको म्हणाली, ताईसोबत इतवारीत भांडी बघायला जाते. ती साडी बदलून गेली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. दुपारपर्यंत मी कशीबशी कळ काढली, मग कुलूप लावलं, आणि गाडी दिसली तर सावध होतील म्हणून शेअर ऑटोनं कामठी गाठली.

भाऊंचं फाटक अर्धं उघडं होतं. अंगणात पाण्यानं भरलेला निळा प्लास्टिकचा ड्रम, त्याच्या काठाला नवीकोरी मोटर आवळलेली, खाली भाजीच्या क्रेटमध्ये ठेवलेली बॅटरी. म्हणजे माझ्या होकाराची वाटही न बघता मोटर घरात आली होती. ड्रमभोवती तिघं उभे. भाऊ, मेहुणी, आणि भांडी बघायला गेलेली माझी बायको. तिघांची तोंडं चालू होती आणि शब्द एक माझ्यापर्यंत येत नव्हता. इतकी कुजबुज तर लग्न मोडायच्या बैठकीत होत नाही. भाऊंनी मला पाहिलं, हात हलवला, आणि तिघंही एकदम गप्प झाले.

"अहो, या ना. किती हाका मारून राहिलो," भाऊ जवळ येत म्हणाले.

हाका मारल्या म्हणे. मी तिथे दिवसाउजेडी उभा होतो. एवढं धडधडीत खोटं बोलताना त्यांना काही वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. आणि माझ्याशी अहोजाहो कधीपासून?

"इतवारीत होती ना तू?" मी बायकोला विचारलं.

"इतवारीतूनच आलो," ती म्हणाली. "भाऊजींले बॅटरी आणायची होती. भांडीही पाहिली. ताईले पातेलं घेतलं." पातेलं खरंच ओट्यावर होतं. पण पातेलं दाखवून मला गप्प करता येईल असं तिला वाटलं असेल, तर तिनं मला ओळखलं नाही.

मेहुणीनं खुर्ची दिली, मी बसलो नाही. भाऊ ड्रममध्ये हात घालून उगाच पाणी ढवळत होते.

"एक रविवार माह्या मोटरीवर चाल," ते म्हणाले. आता पुन्हा अरेतुरेवर आले होते. "नाही पटली तं वापस करतो. दुकानवाल्याशी बोलून ठेवलं."

"हँडल कोणाकडे राहीन?"

"माह्याकडे. तू समोर बस."

आलं पोटातलं ओठावर, मी मनात म्हटलं. वरून इतकंच म्हणालो की माझं इंजिनही डिकीत सोबत येईल. ते हो म्हणाले. फार लवकर हो म्हणाले, म्हणून मला तेही आवडलं नाही.

रविवारी आम्ही दोघंच गेलो. वाटेत गाडीत भाऊ एकदोनदा काही बोलले, पण काच खाली होती आणि शेजारून ट्रक जात होते, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिलो. तलावावर पोचल्यावर मी पंप मारला, त्यांनी वल्ही लावली. क्रेटसकट ती बॅटरी आम्ही दोघांनी धरून बोटीच्या मधोमध ठेवली. माझं इंजिन पोत्यात गुंडाळलेलं डिकीतच राहिलं. डिकी बंद करताना मी त्याच्यावर उगाच हात फिरवला.

पुढे बसायची वेळ आली. भाऊ इतके दिवस माझ्याकडे तोंड करून बसत, तसं मलाही बसता आलं असतं. पण मला राग आला होता. मी त्यांच्याकडे पाठ करून, पुढे तोंड करून बसलो आणि मोटर सुरू व्हायची वाट बघू लागलो.

"करा ना सुरू," मी मागे न बघता म्हटलं. मग पाहिलं तर किनाऱ्यावरचं पळसाचं झाड मागे सरकलं होतं. आम्ही निघालोही होतो.

मला तो प्रवास मुळीच आवडला नाही. पाठीमागे इंजिन धडधडत असलं की सगळं ठीक चाललंय हे कळत असतं. इथे काहीच कळत नव्हतं. बोट पुढे जात होती आणि का जात होती ते कळायला पाण्याकडे बघावं लागत होतं. भाऊ तर म्हणत होते, चार गोष्टी बोलता येतील. आता धूर नाही, धडधड नाही, आणि हा माणूस माझ्या पाठीमागे तोंडाला कुलूप लावून बसलेला. म्हणजे बोलायचं बिलायचं काही नव्हतंच. मागची जागा हवी होती, ती मिळाली. मी मुकाट्यानं धुमसत बसलो. परत गेल्यावर बोटीतला माझा वाटाही तुम्हीच घ्या, असं सांगायचं मी ठरवलं. कसं सांगायचं तेही मनात जुळवत होतो.

पाणी उतरल्यामुळे मधे खडकाळ मुरमाचा एक पट्टा उघडा पडला होता. आम्ही त्याच्या कडेनं निघालो. तिथे टिटवी होती. अंडी घातली असावीत, कारण आम्हाला पाहून ती पळत पुढे आली, मान उंचावून उभी राहिली आणि चोच उघडू लागली. उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. प्रत्येक वेळी तिचं अख्खं अंग हिसका खात होतं. मग ती उडाली आणि सरळ आमच्या डोक्यावरून गेली, चोच उघडीच. तिच्या मागून दुसरी आली.

आवाज काहीच नव्हता.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की या मोटरीत काहीतरी भानगड आहे. सवयच तशी. पण टिटवी पुन्हा वळली, इतकी खालून गेली की तिचे पिवळे पाय दिसले. अंड्यांवर बसलेली टिटवी गप्प राहत नाही. ती गप्प राहिली असती तर आपण तिला टिटवी म्हटलंच नसतं.

मी मागे वळलो. भाऊ माझ्याकडेच बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

"तुम्ही बोलत होते का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मोटरीवरून हात काढला, म्हणजे ती बंद केली असावी. मला फरक कळला नाही. मग बॅटरीचा क्रेट ओलांडून, बोट हलणार नाही अशा बेतानं ते पुढे आले आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे बसले.

"निघाल्यापासून बोलून राहिलो," ते मोठ्यानं, तोंड उघडून म्हणाले.

"टिटवी ओरडून राहिली का आता?"

"कान किटवले तिनं."

मला भीती वाटली. मी बोटीची कड घट्ट धरली. फाटकातल्या त्या हाका, ताटाकडे बघून पुटपुटणारी बायको, फोनवर हलणारे ओठ, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. कोणीच हळू बोलत नव्हतं. भाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"हिवाळ्यात तुले एक विचारलं होतं मी," ते म्हणाले. "या बोटीतच. आठवते?"

"बोलत होते तुम्ही, एवढं आठवते."

"पोरगा पुण्याले बोलावून राहिला. कामठीचं घर विका म्हणते, कायमचे या म्हणते. बायकोले सुचून नाही राहिलं, मलेही नाही. मी तुले विचारलं, जाऊ का गा आम्ही?" ते थांबले. मी ऐकलं की नाही ते बघत असावेत. "तू हसला. मान डोलावली."

मी आणखी पुढे वाकलो.

"मी घरी जाऊन बसलो. म्हटलं, एवढ्या वर्षांचा साडू, अन् हसून जा म्हणते. मले राग आला तुहा. फोन नाही उचलला. मंग तुह्या बायकोनं तिच्या ताईजवळ रडून सांगितलं, का यांले घरातही ऐकू येत नाही, अन् काही म्हटलं का इंजिनच्या नावानं खापर फोडतात. डॉक्टरचं नाव नाही काढू देत. तवा म्हटलं, आधी ते इंजिन मधातून काढावं. बिनआवाजात एकदा विचारून पाहावं. म्हणजे समजते, तुले ऐकू येत नाही, का माह्यं जाणं तुले चालते."

टिटवी पुन्हा डोक्यावरून गेली. आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

"बहिराच निघो म्हणून देवाले म्हणून राहिलो होतो मी," भाऊ म्हणाले. "वाईट नको मानू."

मी वाईट मानलं नाही. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि ते दोन्ही त्यांना दिसत होतं. माझ्यावर पाळत ठेवणारं, मला बोटीतून उतरवणारं कोणी नव्हतंच. माझ्या सगळ्या संशयाला पुरून उरेल एवढा खटाटोप या माणसानं केला होता, आणि तो फक्त एका प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून.

"आता मागे बसून काय बोलत होते?" मी विचारलं.

"तेच. दुसरं काय विचारीन?"

"नका जाऊ," मी म्हटलं. बहुतेक फार मोठ्यानं म्हटलं, कारण मुरमाच्या पट्ट्यावरून दोन्ही टिटव्या पुन्हा उठल्या आणि पलीकडच्या काठावर एका मच्छीमारानं मान वर करून पाहिलं.

वारा बदलला होता आणि बोट हळूहळू पट्ट्याकडे वाहत चालली होती. भाऊ मागे गेले, हँडल धरलं. या वेळी मी वळून त्यांच्याकडे तोंड करून बसलो, ते बसायचे तसा. मोटर सुरू झाली का ते विचारलं नाही, बोटं पाण्यात धरली. पाणी बोटांवर येऊन आपटत होतं, म्हणजे चालू होती. पळसाचं झाड जवळ येऊ लागलं तेव्हा भाऊ काहीतरी म्हणाले. ओठ दिसले, शब्द आले नाहीत. माझी मान आपसूक डोलायला निघाली होती. मी ती थांबवली.

"काय म्हटलं?" मी विचारलं.

त्यांनी मोटर बंद केली आणि पुढे वाकले.

"पोराले काय सांगू, म्हटलं."

"सांगा त्याले," मी म्हटलं, "माझा साडू नाही म्हणते."